टोंगळ्याला ओझं लागतं

(गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'मॅडम पहाडावर दोर लावून चढतात' असं सांगितलं, तेव्हा पुढच्या ओळीतल्या काकू शेजारणीला म्हणाल्या, 'काहून वो?' काकू, प्रश्न रास्त आहे. पण त्याला एक वेगळं व्याख्यान लागेल, आणि आज शेतातली थ्री फेज वीज दहाला येणार आहे. गव्हाला, हरभऱ्याला पाणी सोडायला कोणाकोणाला जायचं आहे ते मला माहीत आहे, म्हणून थेट गुडघ्यावर, म्हणजे आपल्या टोंगळ्यावर येते.

पत्रिकेवर छापलं आहे, 'कूर्चेची दुखापत आणि पुन्हा चढाई'. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेला गुळगुळीत थर. सोयाबीन-संत्र्याच्या गावात हा विषय कशाला, असं मला फोनवर विचारलं गेलं. सांगते. कातळ चढताना कधी कधी पाय कमरेइतका वर उचलून बोटभर कंगोऱ्यावर ठेवावा लागतो आणि त्या एका पायावर सगळं अंग वर न्यावं लागतं. याला आम्ही हाय स्टेप म्हणतो. गुडघा पूर्ण दुमडलेला, आणि त्यावर पूर्ण वजन. आता सोयाबीन सोंगणाऱ्या बाईचा गुडघा दिवसभर कसा असतो ते डोळ्यासमोर आणा. निंदण करताना उकिडवं बसून ओळीनं पुढे सरकणाऱ्या बाईचा आणा. माझा गुडघा आणि त्यांचा गुडघा एकाच कामाला लागलेला आहे. म्हणून हे व्याख्यान चढणाऱ्यांचं असलं तरी इथेच द्यायचं, हे मी ठरवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: कूर्चा दुखावली की माणसाला दोन सल्ले मिळतात, पडून राहा आणि सोडून दे. या दोन सल्ल्यांनी चांगली चालती माणसं अधू होतात. दुखावलेल्या गुडघ्याला ओझं लागतं. मोजून द्यावं लागतं, पण द्यावंच लागतं.

आता माझी हकीकत. चिखलदऱ्याकडचा कातळ म्हणजे गाविलगड ज्या डोंगरावर उभा आहे तोच सातपुड्याचा काळा बसाल्ट. एका जागी कडा बाहेर झुकलेला आहे. तिथे ड्रॉप नी नावाची एक चाल करावी लागते. उजव्या पावलाची बाहेरची कड दगडावर टेकवायची आणि गुडघा आत व खाली वळवायचा. त्यानं कंबर कातळाला भिडते आणि वरचा हात वीतभर लांब पोचतो. फार देखणी चाल आहे, ती साधली की अंगावर काटा येतो. पण पाऊल दगडावर खिळलेलं असतं आणि मांडीचं हाड नडगीच्या हाडावर फिरतं. मध्ये असलेली चकती, मेनिस्कस, त्या पिळात सापडते. 'कट्' असा आवाज आला. मला आला, आणि खाली दोर धरून उभ्या असलेल्या मुलालाही आला.

त्या संध्याकाळी मी माझ्या पायांनी उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंच्या खळग्या गायब होत्या. थांबा, हे करूनच बघू. सगळ्यांनी एक पाय लांब करा. हो, मागच्या काकांनीसुद्धा. मांडी सैल सोडा. वाटीच्या आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबा, तिथे खोलगट जागा लागते. लागली? आता त्या खोलगटातून वरच्या दिशेनं मांडीकडे तळहात फिरवा आणि मग बाहेरच्या बाजूनं खाली हात आणा. आतली खळगी फुगून वर आली तर सांध्यात पाणी आहे. नाही आली तर उत्तम. या परीक्षेला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, आणि माझ्या आजच्या बोलण्यातली ही एकच गोष्ट घरी नेलीत तरी मला आनंद आहे.

तर माझी खळगी भरली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या दवाखान्यात गेले. एमआरआय झाला. आतल्या बाजूची चकती फाटलेली, आणि मांडीच्या हाडाच्या टोकावरच्या कूर्चेवर तिसऱ्या श्रेणीची जखम. या श्रेणी १९६१ साली आउटरब्रिज नावाच्या सर्जननं लावून दिल्या. पहिलीत कूर्चा नुसती मऊ पडते, चौथीत खालचं हाड उघडं पडतं. डॉक्टरांनी रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या. माझ्या गुडघ्याला त्यांनी हात लावला नाही. पाय सरळ होतो का, विचारलं नाही. विचारलं काय, तर मुलं किती आहेत. आणि मग एका दमात: डोंगर सोडा, जिने टाळा, खाली बसू नका, मांडी घालू नका. मी म्हटलं, मग करू काय? म्हणाले, 'आराम.'

मला आजही याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. ज्या घरात चूल खाली आहे, जेवण खाली बसून आहे, संडास खाली बसायचा आहे, त्या घरातल्या बाईला 'खाली बसू नका' हे सांगणं म्हणजे उपचार नाही. तिच्या रोजच्या जगण्यालाच ती मनाई आहे. आणि त्या कागदाच्या आधारावर! २००८ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पन्नास ते नव्वद वयाच्या माणसांचे सरसकट एमआरआय काढून पाहिले होते. ज्यांच्या चकत्या फाटलेल्या दिसल्या, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. फिल्ममध्ये फाटलेलं दिसणं आणि माणूस अधू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात लावल्याशिवाय त्या वेगळ्या करता येत नाहीत.

घरी आले तर अख्खी आळी औषध घेऊन हजर. जवसाचं तेल आलं, निरगुडीचा पाला आला, हाडवैद्याचा पत्ता आला. सासूबाईंनी पाला तव्यावर गरम करून रात्री बांधला. त्या शेकानं झोप लागली, हे त्यांचे उपकार आहेत. पण त्याही म्हणाल्या, 'आता पहाड पुरे, माय.' आणि ऐका, याच माझ्या सासूबाई महाशिवरात्रीला पचमढीच्या मोठ्या महादेवाला जातात. तुमच्यातल्या निम्म्या घरांतून लोक जातात. तिथल्या चौरागडाच्या सुमारे तेराशे पायऱ्या, कोणाच्या खांद्यावर त्रिशूळ, तोंडानं 'हर हर महादेव'. सासूबाईंचे टोंगळे दुखतात, कित्येक वर्षं दुखतात. त्या महिनाभर आधीपासून संध्याकाळी शेताच्या बांधावरून चालायला लागतात, रोज थोडं जास्त. चढताना काठी असते, दर वळणावर बसतात, उतरताना तर फारच जपून, कडेचा आधार धरून. परत येतात तेव्हा जाताना होत्या त्याहून ताठ चालतात. त्यांना कोणी म्हणत नाही की महादेव सोडा. मी त्यांच्याकडे बघून शिकले, हे मी भर सभेत सांगते. जगातली फिजिओथेरपी आज जे सांगते, ते सासूबाई देवाच्या ओढीनं करत आल्या आहेत.

आता यामागचं कारण. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा पांढरा, गुळगुळीत थर, गुडघ्यात साधारण दोन ते चार मिलिमीटर, वाटीच्या मागे त्याहून जाड. त्यात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतू नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतीचं आवरण. आणि रक्त नाही म्हणून ती स्वतःहून भरून येत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञानं १७४३ सालीच लिहून ठेवलं की कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा दुरुस्त होत नाही. हे वाक्य अर्धवट ऐकलं की माणूस घाबरून खाटेवर पडतो. पण पुढचा प्रश्न विचारा: रक्त नाही, तर ती जगते कशावर? सांध्यातल्या द्रवावर. या कूर्चेत सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणीच असतं. ओल्या गोणपाटावर पाय दिला की पाणी बाहेर येतं, पाय काढला की ते पुन्हा आत ओढलं जातं. पाऊल टेकताना आणि उचलताना कूर्चेत तेच होतं. त्याच ये-जा करणाऱ्या द्रवातून तिला अन्न मिळतं. मणक्याच्या इजेनं ज्यांचे पाय हलायचे थांबतात, त्यांची गुडघ्यातली कूर्चा पुढच्या वर्षा-दोन वर्षांत पातळ झालेली मोजली गेली आहे.

आणि दुसऱ्या टोकाला? २०१७ साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं: हौसेनं धावणाऱ्यांत गुडघ्याचा आणि खुब्याचा संधिवात ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हणजे बसून राहणंही वाईट आणि पिळून काढणंही वाईट. आपल्याकडे खरीप सोंगणीत बाया पिळून निघतात आणि उन्हाळ्यात नुसत्या बसतात. दोन्ही टोकं एकाच वर्षात!

बाजाराबद्दलही बोलायला हवं. ग्लुकोसामीनच्या गोळ्या या गावात किती घरांत आहेत ते मी विचारत नाही. २००६ साली दीड हजाराहून अधिक रुग्णांवर त्यांची चाचणी झाली; एकूण गटात त्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. दर तीन महिन्यांनी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, असं दोन वर्षं दिलं तेव्हा कूर्चा उलट जास्त झिजली, हे २०१७ चं. दुर्बीण घालून झिजलेला गुडघा 'धुऊन' देण्याची शस्त्रक्रिया २००२ साली नुसता छेद देऊन टाके घातलेल्या रुग्णांशी ताडून पाहिली, फरक निघाला नाही. सोयाबीनचे पैसे आले की त्यातले किती या तीन गोष्टींत जातात, याचा हिशेब कोणीतरी एकदा गावात मांडायला हवा...

चिठ्ठी आली आहे. साडेनऊ वाजले. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता उरलेल्या वेळात.

तर, पुन्हा चढाई. पहिलं, सूज उतरेपर्यंत आणि पाय पूर्ण सरळ होईपर्यंत दुसरं काही नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, सोडायची, दिवसातून अनेकदा. मग सरळ पाय उचलणं, सायकल हलक्या पायानं, सीट उंच करून. मग ओट्याची एक पायरी, चढताना साधी, उतरताना अगदी सावकाश, कारण पायऱ्या उतरताना वाटीमागे शरीराच्या वजनाच्या तिप्पटीहून जास्त दाब येतो. मग बाजेवरून एका पायावर उठणं. बैठका आपल्या मातीतल्याच आहेत, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून याच जिल्ह्यात आहे. पण दुखावलेल्या गुडघ्यानं अर्ध्या बैठकीपासून सुरुवात करायची आणि खोली हळूहळू वाढवायची. वजन जास्त असेल तर एक किलो उतरवलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं २००५ साली मोजलं आहे.

मोजमाप कशानं? मघाची खळगी. आज जे केलं त्याचा निकाल उद्या सकाळी बघायचा. खळगी मोकळी असेल तर आज तेवढंच किंवा थोडं जास्त. भरली असेल तर एक पायरी मागे, पण पूर्ण बंद नाही.

कातळावर परतताना आधी उभा कडा, वरून दोर लावलेला. झुकलेला कडा नंतर. हील हूक, म्हणजे टाच अडकवून ओढणं, मांडीच्या मागच्या स्नायूंत जोर आल्यावर. ड्रॉप नी सर्वांत शेवटी, आणि तीही पावलाच्या चवड्यावर अख्खा पाय फिरवून, नुसता गुडघा पिळून नाही. बोल्डरवरून, म्हणजे दोराशिवाय चढायच्या बुटक्या दगडावरून, उडी मारून उतरायचं नाही, चढलात तसे उतरा. दुखरा पाय दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के जोराचा होईपर्यंत लीड, म्हणजे स्वतः दोर अडकवत सर्वांच्या पुढे चढणं, करू नये. डोंगर उतरताना दोन काठ्या. मी हे सगळं केलं आणि आज चढते, तो झुकलेला कडासुद्धा.

शस्त्रक्रियेचं घाईत सांगते, पण नीट ऐका, कारण मी शस्त्रक्रियेविरुद्ध नाही. चकतीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथली ताजी फाट शिवता येते आणि तरुण माणसात शिवावी. कूर्चा गेली असेल तिथे खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडून नवी भर आणतात, अमेरिकेत स्टेडमन या सर्जननं ती पद्धत आणली. पण भरून येते ती मूळ कूर्चेपेक्षा हलकी असते. स्वतःच्या कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा बसवण्याचं काम स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ साली जगापुढे मांडलं. लहान, ठरावीक जागेच्या जखमेला याचा उपयोग आहे. सगळीकडून झिजलेल्या गुडघ्याला नाही.

आणि डॉक्टरांकडे जायला थांबू नये असं कधी? गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, दुखापतीनंतर दोन-चार तासांत टम्म सुजला असेल, पाय टाकताना दगा देत असेल, किंवा सांधा लाल, गरम आणि अंगात ताप असेल, तर तेल नाही, पाला नाही, माझं व्याख्यानही नाही. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे. तिथे आधी गुडघ्याला हात लावून तपासा म्हणायचं, आणि मग फिल्म दाखवायची. व्यायामाची चित्रं ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवली आहेत, एकेक घ्या. ज्यांची खळगी मघाशी फुगली, त्यांनी मात्र मला भेटल्याशिवाय जाऊ नका.