परसाकडे तोंड केलेलं घर

मंडळी, आपल्याकडे ‘परसाकडे जाऊन येतो’ म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. मेलबर्नच्या उपनगरातलं घर सांगायचं तर मी तिथूनच सुरुवात करीन. तिथेही संडास बरीच वर्षं परसातच होता. छोटी खोली, आत डबा, आणि डबा बदलायला येणारा माणूस. जुन्या वस्त्यांत घरांच्या पाठीमागून दगडी बोळ जातात, ते त्याच्या वाटेचे. शहर पसरत गेलं, गटारं मागे राहिली. १९७२ साली गॉफ व्हिटलम पंतप्रधान झाले, तेव्हाही कडेच्या कितीतरी घरांना मैलापाण्याची जोडणी नव्हती.

तिथल्या माणसाचं स्वप्न पाव एकराचं. म्हणजे आपले बरोबर दहा गुंठे. घर त्यात पुढे सरकवलेलं, मागे सगळं मोकळं. आम्ही पूर्वेकडच्या उपनगरात घर घेतलं तेव्हा लाल विटा बघून मी खूश. पक्कं घर! मग गणपतीचा फोटो लावायला भिंतीत खिळा ठोकला, तर तो सरळ आत. भिंत पोकळ. विटांचा एकच थर बाहेरून, अंगरख्यासारखा. घर उभं असतं ते आतल्या लाकडी सांगाड्यावर. तेव्हापासून मी आधी टकटक करून लाकूड शोधतो, मग हातोडी घेतो. आणि हो, सूर्य तिकडे उत्तरेकडून जातो. त्यामुळे जाहिरातीत ‘उत्तराभिमुख परस’ असलं की भाव चढतो. वास्तुशास्त्रवाल्या काकांना हे पटवताना माझी पुरेवाट झाली.

परसात मध्यभागी कपडे वाळत घालायची लोखंडी छत्री. गोल फिरते, हँडल मारलं की वर जाते. ॲडलेडच्या लान्स हिल यांनी १९४५ मध्ये ती करायला घेतली आणि ‘हिल्स होइस्ट’ घरोघरी गेली. तशी फिरती छत्री त्याआधी गिल्बर्ट टॉइन यांनीही केली होती, पण नाव राहिलं हिल यांचं. १९५२ मध्ये सिडनीत मर्व्हिन रिचर्डसन यांनी गवत कापायचं यंत्र जुळवलं, त्याची इंधनाची टाकी म्हणजे पीचचा रिकामा डबा. ते ‘व्हिक्टा’.

आता शेजार. रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळे परसात. भेट होते ती कचऱ्याचे चाकवाले डबे बाहेर ठेवताना. पदपथ आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची पट्टी असते. जमीन कौन्सिलची, कापायचं मात्र आपण. पहिल्या वसंतात आमचं गवत गुडघ्यापर्यंत आलं. एका शनिवारी शेजारच्या आजोबांनी आपलं कापता कापता आमचंही कापून टाकलं, चकार शब्द न बोलता. मी त्याच दुपारी जाऊन यंत्र आणलं.

ते आजोबा गेले. घर विकलं गेलं. आता पश्चिमेकडे टार्नीट, पॉइंट कुकला नव्या घरांना चार गुंठे मिळाले तरी खूप, आणि आमच्याकडे एका जुन्या घराच्या जागी दोन उभी राहतात. विटांचा अंगरखा एका सकाळीच उतरला, सांगाडा दुपारपर्यंत. छत्री तेवढी संध्याकाळपर्यंत उभी होती. बुलडोझरवाल्याने तिच्यावर आपलं जाकीट वाळत घातलं होतं.