होडीखालचे बोल्ट

(पावसाळ्याच्या तोंडावर नागपुरात पूरबचावाचं काम करणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुमच्यापैकी कोणी विसरलं नसेल. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी घरांत शिरली आणि आपण जिथून रोज स्कूटरने जातो तिथून माणसं होडीने बाहेर काढावी लागली. त्यानंतर होड्या, दोर, लाइफ जॅकेट यांबद्दल शहरात पुष्कळ बोलणं झालं. पण होडी पाण्यापर्यंत येते ती ट्रेलरवर बसून, आणि त्या ट्रेलरखाली वाकून कोणी बघत नाही. मी हिंगणा एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होतो. मला आज ट्रेलरखालच्या बोल्टांबद्दल बोलायचं आहे.

आम्ही एकदा सरावासाठी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर निघालो होतो. कन्हानचा पूल ओलांडला आणि रबर जळाल्याचा वास आला. उतरून पाहतो तर ट्रेलरचं डावं चाक मडगार्डला घासत होतं. त्या बाजूने दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल दोन बोटं मागे सरकला होता. सोबतच्या पोराने यू-बोल्टला, म्हणजे तो दांडा कमानीला बांधून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टला, पाना लावून पाहिला आणि म्हणाला, "काका, नट तर टाइट हायेत!" नट हलत नव्हते हे खरंच होतं. ते गंजून बोल्टला चिकटले होते. पण कमानीचे, म्हणजे ट्रेलरखालच्या पोलादी स्प्रिंगचे, पाटे त्यांनी आवळून धरलेले नव्हते. दोन पाट्यांच्या फटीत मला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घालता आलं. पाट्यांच्या मधून आरपार जाणारा सेंटर बोल्ट मधोमध कापला गेला होता.

चिकटलेला नट आणि आवळलेला नट यांतला हा फरक नीट समजून घ्या, कारण सगळं देखभालीचं काम त्यावरच उभं आहे. बोल्ट ही खरं तर एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट केसभर ताणला जातो आणि पुन्हा आखूड व्हायच्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. अ‍ॅक्सल जागेवर राहतो तो या दाबामुळे होणाऱ्या घर्षणाने. सेंटर बोल्टचं काम फक्त जागा दाखवण्याचं आहे, भार ओढण्याचं नाही. यू-बोल्टचा ताण गेला की प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो. म्हणून सैल बोल्ट आवळलेल्या बोल्टापेक्षा लवकर तुटतो.

आणि ताण जातो कशाने? गंजाने बोल्ट बारीक होतो हे एक कारण. दुसरं कारण आपल्याच हातचं असतं. दर वर्षी उत्साहाने ट्रेलर रंगवतात, पाटे आणि प्लेट यांच्या मध्येही रंगाचे थर चढतात. तो रंग चालताना दबतो, पातळ होतो, आणि तेवढा ताण सुटतो. जिथे दोन भाग एकमेकांवर बसतात तिथला जाड रंग खरवडून काढा. आपल्याकडे समुद्राचं खारं पाणी नाही, पण काळी माती आहे. ती ट्रेलरच्या सांगाड्यातल्या पोकळ चॅनेलमध्ये जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. अंबाझरीतून ट्रेलर वर काढला की अ‍ॅक्सलला जलपर्णीही गुंडाळलेली असते. ते सगळं त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने धुवा.

इतवारीच्या बाजारात बोल्ट घ्यायला जाल तेव्हा डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणाला तुटणारा आणि त्याच्या आठ दशांशाला, म्हणजे ६४० ला, कायमचा ताणला जाणारा बोल्ट. चमकतं म्हणून स्टेनलेस घेऊ नका. ए२-७० लिहिलेला बोल्ट ४५० लाच ताणला जातो, शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट जोरात फिरवला की आटे एकमेकांना चावून जागीच जाम होतात. कमान आणि अ‍ॅक्सलसाठी गरम जस्तात बुडवलेला ८.८ चांगला. त्याचा नट मात्र त्याच्याच जोडीचा हवा. जस्ताच्या थरासाठी त्या नटाचे आटे थोडे मोठे काढलेले असतात, साधा नट त्यावर चढत नाही. जुन्या ट्रेलरवर अर्ध्या इंचाचे बोल्टही सापडतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे एम१२ चा, म्हणजे १२ मिलिमीटरचा, बोल्ट त्या भोकात सहज जातो आणि आत खुळखुळत राहतो. जुना बोल्ट सोबत नेऊन आटे जुळवून घ्या.

काढताना आधी होडी उतरवा, दुसऱ्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि ट्रेलर घोडीवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर, ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली हात घालायचा नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतो. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारा. तरीही नट निघाला नाही तर ग्राइंडरने कापा. गॅसने तापवू नका, जस्ताचा धूर फुप्फुसाला वाईट आणि बोल्टाची ताकदही जाते. काढलेला यू-बोल्ट आणि नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, नट परत वापरू नका. एका बाजूचा एक बदलला तर जोडीचाही बदला.

बसवताना चारही नट समोरासमोर, थोडे थोडे आवळा आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने, म्हणजे पिळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, द्या. आपण लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो, बाकीचा घर्षणात जातो. म्हणून ट्रेलर बनवणाऱ्याने कोरड्या आट्यांसाठी आकडा दिला असेल आणि तुम्ही ग्रीस लावून तेवढाच टॉर्क दिलात, तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. चाकांच्या नटांच्या तिरक्या बैठकीला तर ग्रीस लावूच नका.

नवे बोल्ट पहिल्या पन्नासेक किलोमीटरमध्ये बसतात, तेव्हा खिंडसीला पोहोचलात की पुन्हा टॉर्क पाना लावा. मग नटावरून प्लेटवर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. पण कन्हानला आमचे नट फिरलेच नव्हते, तेव्हा रेघेसोबत पाट्यांच्या फटीतही बघा. आमचा ट्रेलर बाहेर अंगणात उभा आहे, मी विजेरी ठेवली आहे, दोघा-दोघांनी जाऊन बघून या.