खाली ओढा आहे म्हणून

(दृश्य: नाग नदी, दोन्ही बाजूंना भिंती. पाऊस.)

आपल्या गावाला नाव देणारी नदी ती हीच. विदर्भात पाऊस रुसला की पोट्टे धोंडी काढायचे. अंगाला कडुलिंबाचा पाला, काठीला बांधलेला बेडूक, दारोदारी अंगावर घागरभर पाणी. बेडकाला कुणी विचारलं नाही, ते सोडा.

आज भेटायचा बेडूक मात्र इथला नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेसने दुसऱ्या दिवशी कराडला उतरायचं, तिथून पाटणमार्गे एसटीने कोयनानगर.

(दृश्य: रात्र, जंगलातला ओढा. टॉर्चचा झोत.)

तो पाहा, पानावर. काडेपेटीएवढा, मातकट, सुरकुतल्या कातडीचा. हुमायूनचा रातबेडूक. १९५५ साली हे नाव पडलं ते पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींवरून. पुढे याच गृहस्थांनी बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध लेखणी झिजवली. १९८७मध्ये ती निर्यात बंद झाली. बेडकाने नाव वसूल केलं म्हणायचं!

पावसाळ्यात नर पाण्यावर झुकलेल्या पानावर, नाहीतर ओल्या दगडावर बसून साद घालतो. मादी येते. एरवी बेडकांत नर मादीला घट्ट कवटाळतो. हा तसं करत नाही. तिच्या पाठीवर येतो, हात पानावरच टेकवतो, पाठीवर शुक्रद्रव सोडतो आणि चालता होतो. अंडी तर अजून यायचीच आहेत! मादी मागे एकटी थांबून ती घालते, आणि पाठीवरून ओघळत आलेला द्रव ती फलित करतो. संशोधकांनी २०१६मध्ये हे मांडलं, तोवर ही तऱ्हा कुठल्याच बेडकात नोंदलेली नव्हती. शिवाय या जातीत मादीही आवाज देते, आणि बेडकांच्या दुनियेत ते विरळाच.

(दृश्य: अगदी जवळून, पानावर जेलीतली अंडी.)

काचेसारखी जेली, आत वळवळणारं पिल्लू. सुटलं की थेट खाली, वाहत्या पाण्यात. म्हणून याला नुसता ओढा पुरत नाही. ओढ्यावर वाकलेली फांदी हवी, सावली हवी. काठ 'साफ' केला, ओढा पाइपात घातला, की नकाशावर ओढा तसाच दिसतो, बेडूक तेवढा जातो. आणि उत्तर सह्याद्री सोडला तर याला दुसरं घर नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने याला 'असुरक्षित' ठरवलं ते उगीच नाही.

थांबा. टॉर्च हलवू नका. टोकाचं ते एक सुटतंय...

(टप्. नंतर फक्त ओढ्याचा आवाज.)