हिची उचल झालीय

नमस्कार श्रोतेहो. घरात आठवीचं लेकरू असेल तर रेडिओचा आवाज जरा वाढवा. सातवीचं असेल तरी वाढवा.

एनएमएमएस. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांची शिष्यवृत्ती, केंद्र सरकारची, 2008 पासूनची. परीक्षा आठवीत. निवड यादीत नाव आलं की नववी ते बारावी, वर्षाला 12,000 रुपये. पुन्हा सांगतो, नववी ते बारावी, वर्षाला 12,000. सक्तीचं मोफत शिक्षण आठवीला संपतं आणि पोरं नेमकी तिथंच गळतात.

आता बीडकडची गोष्ट. आमच्या ओळखीतलं ऊसतोडीचं घर. आईबाप दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर, पोरगी आजीपाशी. पोरगी या परीक्षेत निवडली गेली. पावसाळ्यात टोळीचा मुकादम आला उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, वाटायला. पोरीला न्याहाळून बापाला म्हणाला, "मोठी झाली की. हिला पण घ्या. अर्धा कोयता धरतो, उचल वाढवून देतो."

नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस अर्धा. बाप गप्प. पैशाची नड होतीच. चुलीपुढून आजी म्हणाली, "तिची उचल कवाच झालीय."

मुकादमाचं डोकंच फिरलं. दुसऱ्याची उचल घेतली म्हणजे या धंद्यात केवढा गुन्हा! "कुणाची घेतली? कोण मुकादम?"

"दिल्लीचा हाय."

"दिल्लीचा? किती दिली?"

"वर्साला बारा हजार. चार वर्सं."

मुकादम हसला. "एवढ्याशा उचलीवर चार वर्सं राबणार व्हय?"

म्हातारी भाकरी थापता थापता म्हणाली, "राबायचं कुठंय? ऊस तोडायचा न्हाई, मोळी वाहायची न्हाई. नुसतं लिवायचं. आन तुझ्यावाणी फेडून बी घेत न्हाई."

मुकादमाला चहा मिळाला, पोरगी नाही मिळाली. ती आता अकरावीत, विज्ञान शाखेला आहे.

फेडून घेत नाही, हे म्हातारीनं बरोबर हेरलं. खरं तर 12,000 रुपयांत घराचं काही भागत नाही. मुकादमानं कदाचित जास्तच दिले असते. पण ते पोरीच्या अंगावरचं कर्ज झालं असतं, आणि अंगावर बाकी राहिली की पुढचा हंगामही त्यालाच बांधलेला.

निकाल लागला की गावात फ्लेक्स लागतो. पोरीचा फोटो टपालतिकिटाएवढा, पुढाऱ्यांचे तोंडभर. त्या फ्लेक्सच्या खर्चात वर्षाच्या वह्या येतात हो! असो.

तर कागदांचं. सातवीला 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 50. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा अनुदानित. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, तो आधीच काढून ठेवा. बँक खातं मुलाच्या नावाचं, आधार जोडलेलं. बापाचं चालत नाही. मुलाच्या नावाचं, आधार जोडलेलं! आणि दहावीला 60 टक्के पाडा, नाहीतर अकरावीचे पैसे थांबतात. अनुसूचित जाती-जमातींना तिथंही पाच टक्क्यांची सूट आहे.

आपल्याकडे परीक्षा घेते पुण्याची राज्य परीक्षा परिषद. अर्ज मात्र शाळेतूनच जातो. तेव्हा सायबर कॅफेत पैसे घालवू नका, मुख्याध्यापकांना गाठा. त्यांनी 'बघू' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. नमस्कार.