हा आवाज लोलिएटाचा

१९८९ चा सप्टेंबर. इंग्लंडमधे एक गाणं एक नंबरवर जाऊन बसलंय आणि सहा आठवडे तिथून हलायचं नाव घेत नाहीये. 'राइड ऑन टाइम', इटलीच्या ब्लॅक बॉक्स ग्रुपचं. त्या वर्षी तिकडे सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल हेच. टीव्हीवर एक सडपातळ मॉडेल माईकसमोर ओठ हलवतेय आणि आवाज मात्र असा येतोय की कोणीतरी बेंबीच्या देठापासून गातंय.

तो आवाज त्या मॉडेलचा नव्हताच. तो होता शिकागोच्या लोलिएटा हॉलोवेचा, वय ४२, आणि तिला कोणी साधं विचारलंही नव्हतं.

लोलिएटाचा जन्म १९४६ चा. आई चर्चमधे गायची, तिच्याच ग्रुपमधे ही लहानपणापासून गायला लागली, आणि पुढे अल्बर्टिना वॉकरच्या 'कॅरव्हॅन्स'मधे गेली, म्हणजे गॉस्पेलमधलं, चर्चमधल्या भक्तिगाण्यांमधलं, केवढं मोठं नाव. तिची सगळी तालीम तिथली. गॉस्पेलमधे गाणं संपत आलं की खरी मजा सुरू होते, गाणारी मधेच बोलते, हाका मारते, एकच ओळ दहा वेळा वेगवेगळी फिरवते, समोरचा उठून उभा राहीपर्यंत सोडत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

मग सोल, म्हणजे गॉस्पेलचाच बाज, पण प्रेमाबिमाची गाणी. अटलांटाच्या एका छोट्या कंपनीसाठी तिने गायलेलं 'क्राय टू मी' १९७५ ला अमेरिकेच्या आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, चार्टवर पहिल्या दहात गेलं. आणि मग फिलाडेल्फिया, नॉर्मन हॅरिसचं गोल्ड माइंड लेबल, साल्सोल या डिस्को कंपनीच्या छत्राखालचं. डिस्को तेव्हा नुकताच अंगात यायला लागला होता.

तिथे तिने 'हिट अँड रन' गायलं आणि ते रिमिक्ससाठी आलं वॉल्टर गिबन्स नावाच्या न्यूयॉर्कच्या डीजेकडे. त्याने काय केलं माहितीये, गाण्याची सुरुवातीची कडवीच काढून टाकली! शब्द, गोष्ट, सगळं बाजूला, आणि ठेवलं काय तर शेवटी ती जे मनाने गात सुटलीये, ओरडतेय, हसतेय, धापा टाकतेय, तेवढंच. अकरा मिनिटं. चर्चमधे शिकलेली नेमकी तीच गोष्ट, आता डान्स फ्लोअरवर. मला विचाराल तर डिस्कोमधे यापेक्षा धाडसाचं काम फार कमी झालंय.

१९८० ला 'लव्ह सेन्सेशन'. लिहिलं आणि प्रोड्यूस केलं डॅन हार्टमनने, आणि त्याचं काही केल्या समाधान होईना. पुन्हा गा, पुन्हा गा. लोलिएटाने नंतर स्वतःच सांगितलंय की तिला ते तीसेक वेळा गायला लावलं आणि घसा पार बसला, तेव्हा तिने कॉफीत विक्स घालून प्यायलं. आपण सर्दी झाली की छातीला चोळतो ना, तेच. रेकॉर्डवर तो ताण ऐकू येतो, आवाज कडेला जरा खरखरतो आणि तरी सूर सुटत नाही. अमेरिकेच्या डान्स चार्टवर गाणं एक नंबरला गेलं.

नऊ वर्षांनी त्याच रेकॉर्डवरच्या तिच्या ओळी सॅम्पलरमधे, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या मशीनमधे, कापल्या गेल्या, तुकडे जोडून नवीन गाणं झालं, तेच 'राइड ऑन टाइम', नाव दुसऱ्याचं, चेहरा तिसरीचा. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच, पैसे तर होतेच, पण एवढा घाम गाळून गायलेलं गाणं आणि टीव्हीवर लोक टाळ्या वाजवतायत भलतीलाच. तिने वकील केले, प्रकरण तडजोडीने मिटलं, आणि मधल्या काळात हेदर स्मॉल या ब्रिटिश गायिकेकडून तेच पुन्हा गाऊन घेतलेलं व्हर्जनही बाजारात आलं.

१९९१ ला मार्की मार्कने, म्हणजे पुढे ॲक्टर झालेल्या मार्क वॉलबर्गने, 'गुड व्हायब्रेशन्स'मधे परत 'लव्ह सेन्सेशन'च घेतलं. पण यावेळी रेकॉर्डवर तिचं नाव छापलं होतं आणि ब्लॅक अँड व्हाइट व्हिडिओत ती स्वतः उभी राहून गातेय. गाणं अमेरिकेत एक नंबर झालं.

२१ मार्च २०११ ला लोलिएटा गेली, ६४ व्या वर्षी.

आता मी बोलायचं थांबतो. पुढे १९८० चं 'लव्ह सेन्सेशन' लावतोय, हेडफोन असतील तर घाला, आणि शेवटाकडे ती एक सूर धरते ना, तो सोडेपर्यंत तुम्हीपण श्वास धरून बघा.