मरणार कोण हे बघत बसलो, आणि मेलेला समोरच होता

आधीच सांगते, आज सगळे स्पॉइलर्स येणार आहेत. शेवट झाकून या पुस्तकावर बोलताच येत नाही, त्यामुळे ज्यांनी 'द रेव्हन बॉइज' अजून वाचलं नाहीये आणि वाचायचंय त्यांनी आत्ता बाहेर जाऊन चहा घेतला तरी मला अजिबात राग येणार नाही, उलट मी म्हणेन जाच, कारण पहिल्यांदा वाचताना जे होतं ते एकदाच होतं.

तर. मॅगी स्टीव्हॉटरचं हे पुस्तक २०१२ मध्ये आलं, चार भागांच्या मालिकेतला हा पहिला भाग, शेवटचा २०१६ला आला. गाव आहे अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं हेन्रिएटा, हे गाव काल्पनिक आहे पण आजूबाजूचे ब्लू रिजचे डोंगर खरे आहेत, आणि लेखिका स्वतः व्हर्जिनियातली असल्यामुळे तो उन्हाळा, ती धूळ, ते गवत सगळं अंगाला लागतं. ब्लू सार्जंट ही सोळा वर्षांची मुलगी, तिच्या घरात आई, मावश्या, आईच्या मैत्रिणी, सगळ्या भविष्य सांगणाऱ्या, कोणी पत्ते बघून सांगतं, कोणी वस्तूला हात लावून सांगतं, आणि ब्लूला स्वतःला काहीच दिसत नाही, फक्त ती जवळ असली की बाकीच्यांना जास्त स्पष्ट दिसतं. आणि लहानपणापासून प्रत्येकीने तिला एकच सांगितलंय की तू ज्याच्यावर खरं प्रेम करशील त्याला किस केलंस तर तो मरेल.

आता हे वाचलं की आपल्याला वाटतं कळलं बाबा, किस, शाप, मरणारा हिरो. पुस्तकाची जाहिरातही तशीच झाली, ब्लर्बवरही हेच. मीसुद्धा तेच डोक्यात धरून वाचायला बसले होते आणि माझ्या ओळखीतल्या ज्या मुलींनी हे वाचलंय त्यासुद्धा तशाच बसल्या होत्या. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे की ही लव्हस्टोरी या पुस्तकात रहस्य लपवायला वापरलीये. आपल्याला 'कोण मरणार' या प्रश्नाला बांधून ठेवलंय, म्हणजे 'कोण मेलंय' हा प्रश्न आपल्या डोक्यातच येऊ नये.

सुरुवातच बघा ना. २४ एप्रिलची रात्र, सेंट मार्क्स ईव्ह. ही लेखिकेने बनवलेली गोष्ट नाहीये, इंग्लंडमध्ये खरंच जुनी समजूत होती की या रात्री चर्चच्या दारात जागत बसलं तर येत्या वर्षात गावातले जे लोक मरणार आहेत त्यांचे आत्मे समोरून जाताना दिसतात. ब्लू निव्ह मावशीबरोबर पडक्या चर्चपाशी बसलेली असते, नावं लिहून घ्यायला, तिला काही दिसत नसतंच, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच तिला एक मुलगा दिसतो, शाळेचा स्वेटर घातलेला, तो नाव सांगतो गॅन्सी. आणि मावशी तिला सांगते की ज्याला दृष्टी नाही त्याला आत्मा दिसण्याची कारणं दोनच, एक तर तुझं त्याच्यावर खरं प्रेम आहे नाहीतर तूच त्याला मारलंयस. पहिल्याच प्रकरणात हे! पुढची चारशे पानं आपण गॅन्सीवरून नजर हलवत नाही. तो गाडी चालवतोय, तो डोंगर चढतोय, सगळीकडे आपल्याला वाटतं आत्ता गेला, आत्ता गेला.

आणि याच वेळी गॅन्सीच्या बाजूला नोआ उभा असतो.

नोआ चेर्नी. एका जुन्या फॅक्टरीच्या इमारतीत गॅन्सी आणि त्याचे मित्र रोनन आणि नोआ राहतात, तिसरा मित्र ॲडम येऊन जाऊन असतो. ही मुलं ज्या शाळेत जातात ती ॲग्लिनबी म्हणजे श्रीमंत मुलांची प्रायव्हेट शाळा, कावळ्याचं चिन्ह, त्यावरूनच पुस्तकाचं नाव. नोआ गप्प असतो, थोडा पुसट असतो, गालावर एक डाग असतो, खाताना कधी दिसत नाही, खोली कमालीची नीटनेटकी, हात थंडगार. आणि पुस्तक फार पुढे गेलेलंही नसतं तेव्हा कोणीतरी त्या थंड हातांबद्दल बोलतं, त्यावर तो सरळ सांगतो की मला मरून सात वर्षं झालीयेत, हात याहून गरम होत नाहीत. बस्स. कोणी थांबत नाही, पुढचं बोलणं सुरू होतं, आपणही पान उलटतो! आपण धारप-मतकरी वाचून वाढलेली माणसं, भुताचा नुसता वास आला तरी कान टवकारणारी, आणि इथे भूत स्वतःच्या तोंडाने सांगतंय मी भूत आहे आणि आपल्याला वाटतं काय विनोदी पोरगा आहे. मला रहस्यकथेतली ही गोष्ट फार म्हणजे फार आवडली, कारण यात लेखिकेने काहीही लपवलेलं नाहीये. क्लू दिलाय, वाक्यात दिलाय, स्वच्छ दिलाय, आणि तरीही लपला, कारण आपलं लक्ष तिने दुसरीकडे नेऊन ठेवलंय.

मग जंगलात ब्लू आणि गॅन्सीला हाडं सापडतात. हा सीन नीट बघा, कारण तिथेसुद्धा आपल्या डोक्यात रोमान्सच चालू असतो, दोघंच आहेत, पहिल्यांदा मोकळेपणाने बोलतायत, आता काहीतरी होणार असं वाटत असतं, आणि पानांखाली ॲग्लिनबीचं चिन्ह असलेला कपडा दिसतो, कवटीचं गालाचं हाड फुटलेलं असतं, पाकिटात लायसन्स, आणि लायसन्सवर नाव नोआ चेर्नी. मी पुस्तक मिटलं आणि मागे गेले, तो डाग असलेला गाल शोधायला. प्रत्येक ठिकाणी होता. नंतर ते नोआला विचारतात तेव्हा तो जे म्हणतो ते मला आजही बोचतं, तो म्हणतो मी सांगितलं होतं तुम्हाला.

इथे पॅरानॉर्मलचा भाग किती विचार करून बसवलाय ते सांगते. गॅन्सी शोधत कोणाला असतो? ओवेन ग्लेंडाउरला, म्हणजे वेल्सचा ओवेन ग्लिंडूर, हा खराखुरा इतिहासातला माणूस, १४०० साली इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीविरुद्ध उठला, स्वतःला वेल्सचा राजपुत्र जाहीर केलं, कित्येक वर्षं लढला, आणि मग नाहीसा झाला, इंग्रजांच्या हाती कधी लागला नाही, त्याची कबर कुठे आहे ते आजही नक्की कोणाला सांगता येत नाही. तो मेला नाही, झोपलाय आणि परत येईल, अशी दंतकथा. लेखिकेने त्याला समुद्र ओलांडून व्हर्जिनियात आणलं, ले लाइनवरून. ले लाइन ही कल्पनासुद्धा हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्सची, १९२१ मध्ये त्याला वाटलं की जुनी चर्च, टेकड्या, उभे दगड सरळ रेषेत येतात, त्याच्या मते त्या नुसत्या जुन्या वाटा होत्या, त्यात जादू, शक्ती वगैरे लोकांनी १९६० नंतर भरली, आणि पुरातत्त्ववाले हे मानत नाहीत. असो, कादंबरीला चालतं.

पण आता दोन्ही बाजूबाजूला ठेवा. एक मुलगा सहाशे वर्षांपूर्वीच्या राजाची हरवलेली कबर शोधत जगभर फिरलाय, वह्या भरल्यात, रात्र रात्र झोपत नाही, आणि त्याच्याच घरात दुसऱ्या खोलीत एक मुलगा राहतोय ज्याचं प्रेत सात वर्षं जंगलात पडलंय आणि कोणाला सापडलेलं नाही. राजाची आठवण सगळ्यांना आहे. नोआला शोधत कोणीच नाही. मला नाही वाटत हे योगायोगाने झालंय, कारण सात वर्षांचा धागा परत येतो, सात वर्षांपूर्वी, लहानपणी, गॅन्सी गांधीलमाश्या चावून मेलाच होता जवळजवळ आणि त्याच क्षणी ले लाइनवर कोणीतरी मरत होतं म्हणून हा जगला. ते कोणीतरी म्हणजे नोआ. म्हणजे गॅन्सी ज्याच्यामुळे जिवंत आहे त्याच्याबरोबर एकाच छताखाली राहतो आणि, तेव्हा कानात आलेल्या एका आवाजावरून, श्रेय देतो राजाला.

खून कोणी केला हे लेखिका फार लपवत नाही, शाळेतला लॅटिनचा शिक्षक व्हेल्क, एकेकाळचा नोआचा रूममेट, घरचा पैसा बुडालेला, ले लाइन जागी करायला मित्राचाच बळी दिला, तोही स्केटबोर्डने मारून. व्हेल्कची प्रकरणं मला कमी आवडली, आणि त्याचा शेवट तर अगदीच घाईत उरकलाय. निव्हचंही तसंच, बाई एवढी भीतीदायक उभी केली आणि मग नुसती गायब. पहिली शंभर पानं संथ आहेत ही तक्रार पण खरी आहे, मी वाद घालणार नाही.

ॲडमबद्दल मात्र बोलायलाच हवं, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट राहील. ॲडम ट्रेलर पार्कमध्ये राहतो, दोन-तीन ठिकाणी काम करून ॲग्लिनबीची फी भरतो, बाप मारतो. मित्रांना माहितीये. गॅन्सी शंभर वेळा म्हणतो आमच्याकडे राहायला ये, ॲडम येत नाही, कारण मग तो गॅन्सीचा होईल, स्वतःचा राहणार नाही. एका रात्री बाप इतकं मारतो की डाव्या कानाने ऐकू येणं कायमचं बंद होतं, रोनन येऊन बापाला धुतो, पोलीस रोननला नेणार असतात, आणि एवढी वर्षं बापाविरुद्ध एक शब्द न बोललेला ॲडम रोननला वाचवायला म्हणतो मला तक्रार नोंदवायचीये. या सीनला मी रडले. आणि मग लक्षात येतं की हीच मुलं, जी ॲडमच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक वळ ओळखतात, ती नोआच्या गालावरचा डाग बघत नाहीत. वाईट मुलं नाहीयेत ती. त्यांचं लक्ष जिवंत माणसाच्या काळजीत गुंतलेलं आहे, जसं आपलं गॅन्सीत.

रोमान्सचं म्हणाल तर पहिल्या भागात ब्लू ॲडमबरोबर असते आणि त्याला किस करू देत नाही, बिचाऱ्याला कारणही कळत नाही. गॅन्सी तर पहिल्या भेटीतच, ती पिझ्झाच्या हॉटेलात वेट्रेस असते तेव्हा, तिच्या वेळेचे पैसे देऊ करतो आणि ती जी भडकते! मला ते बरोबर वाटलं, त्याला कळतच नाही आपण काय बोललो ते, पैसेवाल्या घरातल्या चांगल्या मुलांचं असंच होतं. पण सगळ्यात हळवा किस दुसऱ्या भागात आहे आणि तो नोआचा आहे. ब्लूला एकदा तरी कळून घ्यायचं असतं किस म्हणजे काय, आणि सगळ्या जगात एकच मुलगा असा आहे की ज्याला तिच्यामुळे काही होऊ शकत नाही. यातच सगळं आलं, शाप, भूत, प्रेम, सगळ्या धाग्यांची गाठ तिथे बसते, आणि तीही हिरोबरोबर नाही.

आणि म्हणूनच चौथ्या भागावर माझा खरा राग आहे. तिथे कळतं की लहान गॅन्सीच्या कानात तू जगशील असं सांगणारा आवाज नोआचाच होता, काळात मागे जाऊन त्याने ते सांगितलं आणि तो संपला. इतकी मोठी गोष्ट, आणि ती थोडक्यात उरकलीये, आणि नंतर शेवटच्या पानांवर ही मंडळी पुढच्या प्लॅनबद्दल बोलतात, गाडी, प्रवास, सगळं, नोआसाठी कोणी नीट बसून रडत नाही. लेखिकेने मुद्दाम केलं असं म्हणणारे वाचक आहेत, की भुताला विसरणं हाच नियम. मला ते पटत नाही. पहिल्या भागात नोआचं ऐकलं नाही म्हणून आपल्याला लाज वाटायला लावलीत ना, मग शेवटी निदान त्या चौघांना तरी पाच मिनिटं थांबवायचं होतं. त्याचं नाव घ्यायचं होतं. तेवढं एक प्रकरण मला हवं होतं आणि ते नाहीये.