मडगार्ड कापण्याआधी चाक वर उचलून बघा

मंडळी, आजच्या या मेळाव्यात मला बोलायला विषय दिलाय फेंडर मॉडिफिकेशन, म्हणजे मोठ्या टायरसाठी चाकावरचा पत्रा कापणं-दुमडणं, पण फेंडरला मी आपला मडगार्डच म्हणणार, कारण ज्या डेंटरकडे आपण गाडी नेतो तो पण तेच म्हणतो. आणि टायर आणि मडगार्ड यांच्यात जागा का लागते हे मी गाडीवर नाही, सायकलवर शिकलोय. मी बार्शीकडचा. आमच्याकडची काळी माती ज्याला माहितीये त्याला सांगायला नको, पावसात सायकल शेतरस्त्यावर घातली की वीस पावलांत चाक जाम, टायर आणि मडगार्डच्या मधे माती अशी गच्च बसते की पुढे सायकल खांद्यावर घेऊनच जायचं. आजोबा मृग लागला की पान्याने दोन्ही मडगार्ड काढून भिंतीला टांगायचे ते दिवाळीलाच परत बसायचे, पाठीवर चिखलाचा पट्टा उठायचा तो उठायचा, पण चाक फिरायचं. हे पहिलं मॉडिफिकेशन मी बघितलेलं.

आता मारुतीच्या जिप्सीवर येतो, कारण माझ्याकडे तीच आहे आणि इथे निम्म्या लोकांकडे तीच आहे. जिप्सी किंगचा कंपनीचा टायर २०५/७० आर १५, म्हणजे उंची साधारण ६६८ मिलिमीटर. आपण सगळे टाकतो तो २३५/७५ आर १५, त्याची उंची ७३३ च्या आसपास. फरक ६५, पण अॅक्सल वर येतो तो त्याच्या निम्मा, ३३ मिलिमीटर, आणि टायरचा माथा मडगार्डच्या अजून ३३ मिलिमीटरने जवळ जातो. शिवाय ३० मिलिमीटर रुंदी वाढते, त्यातली निम्मी आत, निम्मी बाहेर. स्पीडोमीटर दहा टक्के खोटं बोलायला लागतो ते वेगळंच, काटा ६० वर असतो तेव्हा तुम्ही ६६ ने चाललेले असता.

तर लोक काय करतात, टायर टाकतात, गाडी पार्किंगमध्ये उभी करतात, टायर आणि मडगार्डच्या मधे हात घालून बघतात, अख्खा पंजा जातो ना मग बास. अहो पण उभ्या गाडीत जागा असणारच! जागा बघायची असते चाक सगळ्यात वर गेलेलं असताना, म्हणजे खड्ड्यात एक बाजू दाबली गेलीये, स्प्रिंग सपाट झालीये, बंप स्टॉपचा, म्हणजे चाकाची वरची चाल अडवणाऱ्या ठोकळ्याचा, रबर चेपलाय आणि वर तुम्ही स्टिअरिंग पूर्ण वळवलंय, तेव्हा. आणि म्हणूनच नुसती लिफ्ट मारून, म्हणजे गाडी उंच करून, हा प्रश्न सुटत नाही, हे मी दहा वर्षं सांगतोय आणि दहा वर्षं लोक माझ्याशी भांडतायत. लांब शॅकल टाकलं, म्हणजे स्प्रिंगचं टोक चेसीला जोडणारी हलती पट्टी, दोन इंच लांब टाकलं की गाडी इंचभर वर येते, दिसते झकास, पण बंप स्टॉप जिथे होता तिथेच आहे ना? मग चाक दाबल्यावर जिथपर्यंत जायचं तिथपर्यंतच जाणार आणि तिथेच घासणार. बंप स्टॉपखाली इंचभराचा तुकडा लावला तर चाक तेवढं आधी थांबतं, घासणं थांबतं, पण मग ती वरची इंचभर चाल गेली आणि खड्ड्यात दणका तुमच्या कमरेला.

जिप्सीत अजून एक गंमत आहे जी कापणाऱ्याला आधी कळली पाहिजे. पुढच्या पाट्यांचं, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगांचं, शॅकल पुढच्या टोकाला आहे, मागचं टोक पक्कं. पाटा दाबला की सपाट होतो, सपाट झाला की लांब होतो, आणि लांब होऊन जाणार कुठे, तर शॅकलकडे. म्हणजे पुढचं चाक नुसतं वर जात नाही, वर आणि पुढे जातं. मागे उलटं, तिथे शॅकल मागे, म्हणून मागचं चाक वर आणि मागे सरकतं. त्यामुळे कमानीच्या बरोबर माथ्यावर भारंभार पत्रा कापून काही उपयोग नाही, पुढे बंपरच्या कोपऱ्याजवळ कापावं लागतं. माझ्या एका मित्राने चारी कमानी कंपासने काढल्यासारख्या गोल कापल्या, दिसायला सुंदर, आणि पहिल्याच उतारावर टायर बंपरच्या टोकाला जाऊन भिडला.

मी मोजतो कसं ते सांगतो. दगडावर एक पुढचं चाक चढवायचं, त्याच्या तिरकं समोरचं मागचं चाक पण चढवायचं, गाडी पूर्ण पिळली पाहिजे. टायरच्या खांद्याला ओला खडू फासायचा, लहान मुलांचा पाटीवरचा खडू, महागाचं काही नको. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथे पांढरं उमटेल तिथे मास्किंग टेप लावायची आणि त्यावर रेघ मारायची. मग बाजू बदलून परत. आणि रेघेपर्यंत कापायचं नाही, आधी अर्धंच कापायचं, परत खडू. पत्रा कापता येतो, चिकटवता येत नाही... म्हणजे येतो, पण त्याची कथा पुढे सांगतो.

रिमचं पण बघा हो. बाहेर काढलेली रिम किंवा स्पेसर, म्हणजे चाक बाहेर ढकलणारी मधली चकती, टाकला की आत पाट्याला घासणं थांबतं, पण वळताना चाक मोठा घेर घेतं आणि मडगार्डची मागची खालची कड, म्हणजे दाराच्या अलीकडे जिथे दोन पत्र्यांची शिवण येते, तिथे लागतं. ती शिवण हातोडीने चपटी ठोकता येते, कापायची गरज नसते बऱ्याचदा. आधी आतलं प्लास्टिक लायनर असेल तर ते बघा, जिम्नीसारख्या गाडीत हीटगनने गरम करून मागे दाबलं की बरंच काम तिथेच होतं, ग्राइंडर काढायचीच वेळ येत नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांवाल्यांसाठी, सिटी-पोलोवाल्यांसाठी पटकन. तुम्ही कापायचं नाही, तुम्ही आतली ओठासारखी कड वर दुमडायची, त्याला रोलिंग म्हणतात. हबला बोल्ट होणारं रोलर मिळतं, अमेरिकेत पूर्वी लोक बेसबॉलची बॅट घालून करायचे, आपल्याकडे मी पाइपाचा तुकडा घातलेला पण पाहिलाय. पत्रा हीटगनने गरम करत करत, हळूहळू, चार-पाच फेऱ्यांत, नाहीतर रंगाला पापुद्रे सुटतात. आणि दुमडताना आतलं पाणी अडवणारं सीलर तडकतं, ते परत भरा, नाहीतर पाणी आत बसून पत्रा आतून सडतो आणि तुम्हाला कळतं तेव्हा फुगा आलेला असतो.

आता माझी कथा. माझ्या गाडीचं मागचं मडगार्ड. पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे, बिघडलं तर दुसरं आणा. मागचं तसं नाही. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतली चाकाची पेटी हे दोन वेगळे पत्रे कमानीच्या कडेला एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. मी जोशात अडीच इंच कापलं, ती जोडणीच कापून टाकली. आता दोन पत्र्यांच्या मधे बोटभर फट. नीट करायचं तर आतल्या पत्र्याला चिरा मारायच्या, कागदी पंख्यासारख्या, एकेक पाकळी बाहेर ठोकायची, बाहेरच्याला वेल्ड करायची, वर सीलर, झिंक प्रायमर. आमच्या डेंटरने काय केलं, फट पुट्टीने भरली, वर काळा रंग मारला, म्हणाला साहेब लोण्यासारखं झालंय. लोण्यासारखंच होतं, ताम्हिणीत पहिल्याच पावसात वितळलं. मागच्या बाकावर बसलेल्या मेव्हण्याची पँट भिजली, आणि दोन पावसाळ्यांनी मी तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. आतून मूठभर वाळू, गंज आणि एक मेलेला खेकडा निघाला, खरंच सांगतो.

आणि मागचं मडगार्ड कापलं त्या दिवशी कड मी तशीच धारदार ठेवली होती, कोण घासत बसणार. नव्या टायरच्या बगलेवरून रबराची साल निघाली, बटाटा सोलल्यासारखी लांबच लांब. कड आत दुमडा किंवा रबरी पट्टी लावा, पण उघडी ठेवू नका. अजून एक, ग्राइंडरच्या ठिणग्या काचेवर गेल्या की तिथे चिकटतात आणि बारीक खड्डे पडतात, ते पॉलिश करूनही जात नाहीत, म्हणून काचेवर ओलं गोणपाट टाका, शेजाऱ्याच्या गाडीच्या पण. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर सोडा. आणि मडगार्डच्या आत इंडिकेटरची वायर जाते, ती मी कापलेली आहे, तुम्ही कापू नका.

हां, तुम्ही आता आरटीओचं विचारणारच. स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टाने पण ९ जानेवारी २०१९ ला हेच धरून निकाल दिला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला एकेका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. टायर मडगार्डच्या बाहेर दिसला की मामांना लांबूनच कळतं, आणि बाहेरच्या टायरने उडवलेला दगड मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर जातो, हे मला दंडापेक्षा जास्त खटकतं. गोव्यात २०१४ ला सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेतल्या गाड्या बघून येऊन तसंच करायला जाऊ नका, त्या स्पर्धेला म्हणून बांधलेल्या गाड्या, तुमची सोमवारी ऑफिसला जाणारी.

बाकी स्टेपनीचं कोणी विचारलं नाही, सगळे विसरतात. मोठा टायर मागच्या दारावर टांगला की बिजागऱ्या लोंबतात आणि दार उचलून लावावं लागतं, माझं आत्ता तसंच आहे. चला, बाहेर गाडी दगडावर चढवून ठेवलीये, खडू आणलाय, एकेकाने स्टिअरिंग फिरवून बघा. ग्राइंडर मी मुद्दाम घरी ठेवलाय.